तीनशे दिवसांचा साठा, साडेसात दिवसांत खलास

साठ्याला रोजच्या सरासरी वापराने भागा, जे उत्तर येईल तितके दिवस माल पुरेल. यात चर्चा करण्यासारखं आहे काय, असा पवित्रा साहित्य-नियोजनाची सॉफ्टवेअरं बसवून देणारे सल्लागार नेहमी घेतात. आंब्याचा पल्प डबाबंद करणारा कारखाना असो, काजूचं युनिट असो की अमृत कोकमच्या बाटल्या भरणारी छोटी शेड, पडद्यावर प्रत्येक मालापुढे ‘पुरवठ्याचे दिवस’ असा एक रकाना येतो. आकडा पंधराच्या खाली गेला की तांबडा दिवा, पंधरा ते तीस हिरवा, तिसाच्या वर पिवळा. पिवळा म्हणजे पैसा अडकून पडला. मालकाने सकाळी एक नजर टाकायची, तांबडं दिसेल ते मागवायचं, पिवळं दिसेल ते थांबवायचं. बाकी डोकं चालवायची गरज नाही.

कोकणातल्या दापोलीत हा रकाना वर्षातला बराच काळ खोटं बोलतो. दोष सॉफ्टवेअरचा नाही. ते सांगितलेला भागाकार इमानाने करतं. कशाला कशाने भागायचं आणि आलेलं उत्तर कशाशी ताडून पाहायचं, हे ठरवून देणाऱ्यांनी दापोलीचं वर्ष कधी पाहिलेलं नसतं, आणि पाहण्याची गरज नाही असंच त्यांचं म्हणणं असतं. प्रतिवाद त्या म्हणण्याचा आहे.

हा साचा मुळात वाईट नाही, हे आधीच कबूल करायला हवं. चाकण-तळेगावच्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांत तो चोख चालतो. तिथे जोडणीची लाइन महिनोन्‌महिने साधारण एकाच गतीने फिरते, पोलादाचा पत्रा आणि बेअरिंगं बारा महिने मिळतात, पुरवठादाराचा ट्रक सकाळी निघून दुपारी दारात उभा राहतो. मागच्या तीन महिन्यांचा वापर पुढच्या तीन आठवड्यांबद्दल बरंच खरं सांगतो. तिथे पंधरा दिवसांचा साठा म्हणजे खरोखर पंधरा दिवसांचा. तोच साचा ताम्हिणी घाट उतरून खाली कोकणात आला, आणि त्यात पंधरा आणि तीस हे आकडेही जसेच्या तसे राहिले, की घोळ सुरू होतो.

एक हिशेब मांडून बघावा. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण कोकणातल्या कुठल्याही कॅनिंगवाल्याला ते परके वाटणार नाहीत. तारीख १० मे. गोदामात पल्पचे मोठे रिकामे डबे, ज्यात ३.१ किलो रस मावतो ते, ६,००० आहेत. मागच्या ९० दिवसांत किरकोळ कामांना १,८०० डबे लागले, म्हणजे दिवसाला २०. सॉफ्टवेअर ६,००० ला २० ने भागतं आणि रकान्यात ३०० लिहितं. दिवा पिवळा होतो. डबेवाल्याला दिलेली पुढची ऑर्डर लांबणीवर टाका, अशी सूचनाही खाली उमटते. इकडे बागांमध्ये पेटीत न बसणारा, डागाळलेला, बारीक हापूस बाजूला पडायला लागलेला असतो. १५ मेपासून कॅनिंगचा आंबा किलोवर यायला लागेल आणि दिवसाला ८०० डबे भरावे लागतील. ६,००० भागिले ८०० म्हणजे साडेसात. २२ मेच्या दुपारी डबे संपणार. डबेवाल्याला माल पाठवायला बारा दिवस लागत असतील, तर १० मे ही ऑर्डर पुढे ढकलायची तारीख नव्हती. ती माल मागवायची शेवटची तारीख होती.

३०० आणि साडेसात, दोन्ही भागाकार गणिताने बरोबर आहेत. पहिला विचारतो, फेब्रुवारी ते एप्रिल जसं चाललं तसंच पुढे चाललं तर काय? दुसरा विचारतो, जे काम ठरलेलं आहे ते केलं तर काय? पिकलेला आंबा शेडमध्ये ढिगाने पडलेला असताना पहिल्या प्रश्नाच्या उत्तराला किंमत शून्य.

गंमत अशी की नेमक्या याच चुकीतून सुटण्यासाठी ही सॉफ्टवेअरं जन्माला आली. १९१३ मध्ये फोर्ड हॅरिस यांनी किफायतशीर ऑर्डर किती असावी याचं सूत्र मांडलं, तेव्हापासून अर्धशतकाहून जास्त काळ कारखान्यांची खरेदी ‘वापर साधारण एकसारखा आहे’ या गृहीतावर उभी होती. साठा अमुक पातळीच्या खाली गेला की तमुक मागवा. १९७५ साली जोसेफ ऑर्लिकी यांचं ‘मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग’ हे पुस्तक आलं, त्यात त्यांनी मागणीचे दोन प्रकार स्पष्ट वेगळे केले. गिऱ्हाईक किती डबे पल्प घेईल, ही एक मागणी. तिचा अंदाज बांधावा लागतो. पण रिकामा डबा, झाकण, लेबल, खोका यांची मागणी ही किती डबे भरायचे ठरलेत त्यावरून निघते. तिचा अंदाज कशाला? ती मोजता येते. उत्पादनाचं वेळापत्रक घ्या, एका नगाला काय काय लागतं त्याची यादी घ्या, गुणाकार करा, हातातला साठा वजा करा. साहित्य-नियोजन म्हणतात ते याला. या सगळ्या यंत्रणेच्या डोक्यावर मागच्या ९० दिवसांच्या सरासरीचा रकाना बसवणं म्हणजे ऑर्लिकींनी पुढच्या दाराने बाहेर काढलेली सरासरी मागच्या दाराने पुन्हा घरात घेणं.

आणि ती मागच्या दाराने येते तेव्हा सल्लागार एकटे दोषी नसतात. सोय तशी दिलेलीच असते. मुंबईत घडलेल्या ईआरपीनेक्स्ट या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पुनर्मागणीची पातळी सुचवणारा एक अहवाल आहे. तो निवडलेल्या काळातला खप आणि वापर यांची रोजची सरासरी काढतो, तिला माल यायला लागणाऱ्या दिवसांनी गुणतो. टॅलीतही मागच्या ठरावीक काळाच्या वापरावरून पातळी ठरवण्याची सोय आहे. किराणा दुकानाला, औषधाच्या दुकानाला हे पुरेसं आहे. ईआरपीनेक्स्टमध्येच उत्पादन-योजना मांडून पुढची गरज काढण्याची वेगळी जागाही आहे. पण ती वापरायची तर आधी योजना लिहावी लागते, आणि अहवालाला नुसतं बटण दाबावं लागतं.

दापोलीत वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. ३६५ ने भागलं तर रोज साडेनऊ मिलिमीटर. या सरासरीवर कोणी घराचं छप्पर शाकारत नाही.

इथे प्रतिपक्षाचा सगळ्यात वजनदार मुद्दा येतो आणि तो टाळून पुढे जाणं लबाडीचं होईल. ते म्हणतात, पुढचं कोणी पाहिलंय? तुमच्या हापूसचा मोहर एका वर्षी डिसेंबरात येतो, एका वर्षी जानेवारी सरता सरता. मध्येच अवकाळी पडतो, तुडतुडे येतात, उन्हाने फळ गळतं. वेळापत्रकातले ८०० डबे हीसुद्धा कल्पनाच. मागचा वापर निदान घडलेला तरी आहे.

मोहर पुढेमागे होतो, हे खरं. पण त्यातून निघतं ते उलटंच. हापूसची फळधारणा झाल्यापासून काढणीपर्यंत साधारण साडेतीन महिने जातात. म्हणजे मे महिन्यात किती आणि केव्हा आंबा येणार, याची पहिली बातमी झाडावर जानेवारी-फेब्रुवारीतच लागलेली असते. बागायतदार ती रोज पाहतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातून हवामानाधारित सल्ला निघतो, त्यात ती अप्रत्यक्षपणे वाचता येते. मोहर दोन-तीन टप्प्यांत आला तर आंबाही लाटांनी येणार, हेही तेव्हाच कळतं. ही बातमी वेळापत्रकात घालता येते आणि पंधरा दिवसांनी सुधारताही येते. मागच्या वापराच्या सरासरीला मात्र ती केव्हा कळणार? डबे भरून झाल्यावर, जूनमध्ये. तेव्हा ती सांगेल की रोज कित्येक शे डबे लागतात, लवकर मागवा. आणि आंबा संपलेला असेल. अनिश्चित अंदाज आणि खात्रीची चूक यांत निवड करायची असेल तर अंदाज बरा. अनिश्चिततेसाठी किमान, लक्ष्य आणि कमाल असे तीन आकडे द्यायची सोय मोठ्या सॉफ्टवेअरांत असते, ती याचसाठी.

यावर थोडे शहाणे सल्लागार एक पायरी पुढे येतात. मागचे तीन महिने नकोत, गेल्या वर्षीचा तोच महिना घेऊ, म्हणतात. सुधारणा आहे, पण कोकणात तीही अर्धीच. काजूगराच्या पाकिटांची विक्री चाकरमानी गावी येतात तेव्हा उसळते, आणि गणपती इंग्रजी महिन्यांना बांधलेला नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, गणेशचतुर्थी १९ सप्टेंबरला आली. २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला. २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. २०२४ चा ऑगस्ट बघून २०२५ च्या ऑगस्टसाठी पाउच मागवणाऱ्याचे पाउच कोकणात गाड्या भरून लोक उतरत असताना छापखान्यातच असणार. चतुर्थीची तारीख सॉफ्टवेअरला माहीत नसते; ती दरवर्षी हाताने घालावी लागते, पाच मिनिटांचं काम आहे. शिवाय मागच्या वर्षांत एक २०२० आहे. मार्चअखेर टाळेबंदी, वाहतूक ठप्प, आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ. दापोली-मंडणगडात नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, विजेचे खांब आडवे झाले, गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. त्या वर्षाचा जून हंगामाच्या कुठल्याही सरासरीत धरला तर ती सरासरी पुढची अनेक वर्षं लंगडत चालते. तो काढून टाकायचा की नाही, हे संगणक ठरवू शकत नाही.

डब्यांच्या बाबतीत मागणी उड्या मारते. काजूच्या बाबतीत पुरवठा उडी मारतो, आणि तिथे साच्याची खरी पंचाईत होते.

कोकणात काजू बी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंत मिळते. विद्यापीठाच्या वेंगुर्ला केंद्राने दिलेल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा जातींनी बागा वाढवल्या, बी मोठी केली, शंभर किलो बियांमागे गराचा उतारा तीस किलोच्या आसपास नेला. झाडाचा हंगाम मात्र कोणाला बदलता आलेला नाही. युनिट तर वर्षभर चालवायचं असतं. फोडणीला आणि सोलणीला बसणाऱ्या बायकांना जुलैत घरी पाठवलं तर त्या पुन्हा येतील याचा भरवसा नसतो. म्हणून तीन महिन्यांत वर्षाची बी घ्यायची, उन्हात खडखडीत वाळवायची, गोणपाटात भरून थप्प्या लावायच्या आणि पुढच्या हंगामापर्यंत पुरवायची. हा इथला रिवाज आहे.

आता साचा लावून पाहू. समजा, युनिट दिवसाला २०० किलो बी फोडतं आणि १ जूनला गोदामात ५०,००० किलो आहे. पुरवठा २५० कामाचे दिवस. कमाल मर्यादा तीस. सॉफ्टवेअरच्या मते ४४,००० किलो बी फाजील आहे. रकाना पिवळा, साठा-फिरकीचं गुणोत्तर वाईट, महिन्याच्या अहवालात या युनिटच्या नावापुढे फुली. मालकाने घाबरून पुढच्या मोसमात साच्याचं ऐकलं आणि मे महिन्यात ६,००० किलोवर हात आखडला, तर पहिले पाच आठवडे सगळं हिरवं दिसेल, शाबासकीही मिळेल. जुलैच्या पहिल्या आठवड्यात बी संपेल. तेव्हा तांबडा दिवा लागेल आणि सॉफ्टवेअर मागवा म्हणेल. कुठून? गावातली बी व्यापाऱ्याच्या गोदामात गेलेली, दर चढलेला. नाहीतर आफ्रिकेतली बी. पश्चिम आफ्रिकेचा हंगामही जवळपास आपल्याबरोबरच सरतो. टांझानिया-मोझांबिकचा ऑक्टोबरपासून सुरू होतो आणि ती बी जहाजाने मंगळूर, तुतिकोरिनला उतरते. तिथून दापोलीपर्यंत यायला रस्ता आहे, पण छोट्या युनिटला त्या भावात, त्या मोठ्या लॉटमध्ये घेण्याची ऐपत असते का, हा प्रश्न पडद्यावरच्या कुठल्याच रकान्यात नाही.

चूक कुठे झाली? ‘दिवस’ मोजण्यात नाही. २५० हा आकडा बरोबरच आहे. चूक त्याला तिसाशी ताडण्यात झाली. पुरवठ्याचे दिवस नेहमी पुढचा माल यायला किती दिवस आहेत, याच्याशी ताडायचे असतात. चाकणला पुढचा माल परवा येतो. काजू बीचा पुढचा माल पुढच्या मार्चच्या तोंडावर येतो. म्हणजे लक्ष्याचा आकडा स्थिर असूच शकत नाही. १ जूनला फेब्रुवारीअखेरपर्यंत पंचांगाचे २७३ दिवस उरतात (कामाचे २५० त्यांना पुरतात). तेव्हा लक्ष्य तेवढं हवं. १ डिसेंबरला ते ९० वर यायला हवं, मार्चमध्ये जवळपास शून्यावर. महिन्याला एक असे बारा आकडे भरले की हाच रकाना खरं बोलायला लागतो: डिसेंबरात शंभर दिवसांची बी असेल तर हिरवा, आणि जूनमध्ये तेवढीच असेल तर तांबडा. जूनमध्ये लागलेल्या त्या तांबड्या दिव्याचा तर बँकेकडे खेळतं भांडवल मागायला जाताना कागद म्हणून उपयोग होईल.

अमृत कोकमची कथा याचीच दुसरी बाजू आहे, थोडक्यात सांगण्यासारखी. रातांबे एप्रिल-मेमध्ये पिकतात, पाऊस लागला की नासतात. साखर घालून रस त्याच दिवसांत धरावा लागतो. तो खपतो मात्र पुढच्या मार्च ते मेच्या उन्हात. सरासरी वापराने चालणारा अहवाल ऑक्टोबरात या बाटल्यांना ‘डेड स्टॉक’ म्हणतो आणि सूट देऊन मोकळं व्हा असं सुचवतो.

कमी साठा म्हणजे चांगला साठा, या मताच्या पाठीशी टोयोटाचं नाव घेतलं जातं. वेळेवर आणि हवा तेवढाच माल, ही त्यांची ख्याती रास्तच आहे. पण ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर टोयोटाने कुठला सुटा भाग कुठे बनतो आणि बंद पडला तर किती काळ अडेल याची छाननी केली, आणि चिपसारख्या भागांसाठी पुरवठादारांना दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला लावला. २०२१ मध्ये जगभर चिपची टंचाई झाली तेव्हा सुरुवातीचे काही महिने इतर मोटार कंपन्यांपेक्षा टोयोटाला धाप कमी लागली, ती त्यामुळे. ज्या भागाचा पुढचा माल लवकर येणार नाही, त्याचे दिवस जास्त, हे टोयोटाला पटलं. दापोलीच्या काजूवाल्याला ते सांगायला जपानी दाखला लागू नये, पण सल्लागारांना लागतो.

साचा किती फसवतो हे बघायचं असेल तर हर्णै बंदरावर जावं. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते, ६१ दिवस. बर्फाच्या कारखान्यात त्या काळात गिऱ्हाईक जवळजवळ नसतं. मिठाचा, अमोनियाचा वापर थांबलेला. आता ६० दिवसांची सरासरी लावलेलं सॉफ्टवेअर १ ऑगस्टच्या सकाळी उघडा: मागच्या ६० दिवसांचा वापर शून्य, आणि शून्याने भागायचं. भागता येत नाही म्हणून प्रोग्रॅम लिहिणारे तिथे एक भलामोठा आकडा ठोकून देतात, बहुतेकदा ९९९. ज्या दिवशी होड्या पाण्यात जायच्या आणि संध्याकाळच्या लिलावाआधी बर्फासाठी रांग लागायची, त्या दिवशी पडदा सांगणार, काळजी नको, पावणेतीन वर्षं पुरेल.

मोठ्या कंपन्या वापरतात त्या सॅप या सॉफ्टवेअरमध्येही ९९९.९ हा आकडा दिसतो आणि तिथे त्याचा अर्थ वेगळा आहे: सॉफ्टवेअरला माहीत असलेल्या पुढच्या सगळ्या गरजा हातातल्या साठ्यात भागतात. म्हणजे सॅप पुढे बघतं, मागे नाही. पण पुढची योजनाच कोणी भरली नसेल तरी तोच आकडा येतो. माल भरपूर आहे की नियोजन झालेलंच नाही, हे त्या ९९९.९ वरून कळत नाही.

सॅपचा विषय निघालाच आहे तर आणखी एक खाचखळगा. तिथे दिवसांचे दोन प्रकार असतात. एक, फक्त हातातला साठा धरून निघणारे दिवस. दुसरा, येऊ घातलेला मालही धरून निघणारे, आणि त्यात कोणता ‘येऊ घातलेला’ धरायचा हे बसवणाऱ्याने ठरवायचं असतं. पुरवठादाराने मान्य केलेली खरेदी ऑर्डर धरणं समजण्यासारखं आहे. पण सॉफ्टवेअरने स्वतःच तयार केलेली खरेदीची सूचना, जिच्यावर अजून कोणी सही केलेली नाही, तीही काही ठिकाणी टिचकी मारून आत घेतली जाते. मग कमतरता दिसली की सॉफ्टवेअर सूचना मांडतं, सूचना आलेला माल समजून मोजतं आणि दिवा हिरवा होतो. यंत्र स्वतःलाच उधारीवर माल देतं. जुलैमध्ये तर सही झालेली ऑर्डरसुद्धा जपून धरावी. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, खेडमध्ये पाणी शिरलं, वाशिष्ठीवरचा पूल खचला, रेल्वे थांबली. दापोलीला स्वतःची रेल्वे नाही. जवळचं स्टेशन खेड. साखर, काचेच्या बाटल्या, झाकणं सगळं रस्त्याने, घाटांतून येतं. माल यायला लागणारे दिवस मार्चचे वेगळे आणि जुलैचे वेगळे, हे रकान्यात लिहिलेलं नसेल तर दुसऱ्या प्रकारचे दिवस पावसाळ्यात वाचूच नयेत.

दिनदर्शिकेचा मुद्दा तसा साधा, पण त्यावरून उगाच वाद होतात. महिन्याला ३,००० किलो साखर लागते. तीस दिवसांनी भागली तर रोज १००, कामाच्या पंचवीस दिवसांनी भागली तर रोज १२०. साठा १,००० किलो. पहिल्या हिशेबाने १० दिवस, दुसऱ्याने ८.३. दोन्ही खरे, कारण कामाचे ८.३ दिवस म्हणजे पंचांगाचे साधारण दहाच. घोटाळा होतो तो सरासरी तिसाने काढून पुढे मोजताना रविवार वगळले की. मग १,००० किलो साखर कागदावर बारा दिवस पुरते आणि प्रत्यक्षात दोन दिवस आधी संपते.

एवढं सगळं ऐकून दुसऱ्या टोकाची मंडळी खूश होतील. त्यांचं म्हणणं असं की या भानगडीतच पडू नये. सॉफ्टवेअर पुणे-मुंबईवाल्यांचं, इथे अनुभव चालतो. कोकणातल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या आगोटीची बेगमी केली ती काय संगणक लावून? तांदूळ, लाकडं, सुकी मासळी, आमसुलं, मीठ-मिरची, सगळं मृगापूर्वी घरात. चार महिने उंबरा ओलांडला नाही तरी अडत नसे.

बेगमीचा दाखला उत्तम आहे, पण तो त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही. पुढे काय येणार, किती दिवस वाट बंद राहणार, घरात खाणारी तोंडं किती, गणपतीला पाहुणे किती, हे मोजून केलेला तो पक्का हिशेब होता. फक्त तो घरातल्या एका बाईच्या डोक्यात असे. कारखान्यात तो एका मालकाच्या किंवा एका जुन्या स्टोअरकीपरच्या डोक्यात राहिला की काय होतं, ते तो माणूस आजारी पडला किंवा मुलाकडे मुंबईला राहायला गेला की कळतं. शिवाय आज त्याच शेडमध्ये पल्पचे दोन आकाराचे डबे, सरबताच्या तीन मापांच्या बाटल्या, पाच-सहा प्रतींचा काजू, प्रत्येकाचं वेगळं लेबल, वेगळं झाकण आणि वेगळी मुदत असते. शे-दीडशे वस्तूंचे आकडे तोंडी राहत नाहीत. अनुभव हवाच, पण तो रकान्यामागच्या आकड्यांत उतरवला गेला तर. सॉफ्टवेअरला विरोध करून हे लोक साच्याचीच सोय करतात: अनुभवी माणूस बाजूला बसतो आणि आकडे भरायचं काम कोऱ्या मनाने आलेल्या पोराकडे जातं.

उरला शेवटचा आक्षेप, तो व्यवहारातला आहे. हे भरायचं कोणी? शे-दीडशे वस्तू, प्रत्येकीला बारा महिन्यांचे आकडे. छोट्या उद्योगाला परवडणार आहे का?

सगळ्या वस्तूंना बारा आकडे लागतच नाहीत. झाडूपासून प्रिंटरच्या शाईपर्यंत निम्म्याहून जास्त माल चाकणच्या साच्यात खुशाल चालू द्यावा. तिथे सरासरी पुरते. वेळापत्रकावरून मोजायच्या वस्तू म्हणजे डबे, बाटल्या, झाकणं, लेबलं, पाउच, खोके. त्यांना आकडे नव्हे, भरलेली उत्पादन-योजना लागते. हंगामाला बांधलेल्या वस्तू म्हणजे काजू बी, रातांबे, आंबा आणि त्यांपासून बनलेला तयार माल. त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघतील. बारा-बारा आकडे त्यांनाच. वर्षात दोनदा हात लावला तरी भागतं: एकदा मोहर बघून झाल्यावर, फेब्रुवारीत, आणि एकदा बी खरेदी संपल्यावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात, हर्णैची बंदी आणि गणपतीची तारीख घालताना. सल्लागाराने बसवणीच्या वेळी स्टोअरकीपर, खरेदी बघणारा आणि आंबा घेणारा या तिघांबरोबर एक दिवस काढला तर पहिली भरणी होऊन जाते. बसवणीच्या कोटेशनमध्ये प्रशिक्षणाचे दिवस लिहिलेले असतातच. त्यातला एक याला द्यावा.

अडचण वेगळीच निघते. हे आकडे बदलायचा अधिकार बहुतेक ठिकाणी फक्त अ‍ॅडमिन लॉगिनला दिलेला असतो, आणि त्या लॉगिनचा पासवर्ड पुण्यात असतो. बदल हवा तर तिकीट टाका, आठवड्याने बघू. कॅनिंगचा आंबा जेमतेम तीन-चार आठवडे चालतो. तेव्हा पुढच्या वेळी करारावर सही करण्याआधी दापोलीतल्या मालकाने एक कलम घालून घ्यावं: लक्ष्याचे दिवस, माल यायला लागणारे दिवस आणि कामाची दिनदर्शिका, या तीन गोष्टी बदलायचा अधिकार कारखान्यातल्या दोन माणसांकडे राहील, आणि बदल कोणी, केव्हा केला याची नोंद सॉफ्टवेअर ठेवील. याला नकार देणारा सल्लागार भेटला तर त्याला १० मेचा तो डब्यांचा हिशेब सोडवायला द्यावा आणि उत्तर ३०० आलं तर दुसरा सल्लागार बघावा.